जोडीची दोन बटणं

संध्या भोयेला कीबोर्डाकडे बघून टाइप करता येत नसे. न बघता मात्र तिची बोटं अशी झरझर चालायची की शेजारचा आपलं काम सोडून बघत राहायचा. तिला शिकवलंच तसं होतं. नाशकात अशोक स्तंभाजवळच्या टायपिंग क्लासात दिवाकर सर पहिल्या दिवसापासून मुलींच्या हातांवर फडकं टाकायचे आणि म्हणायचे, "खाली बघितलंत की संपलात."

सरांनी शिकवली ती जुन्या टाइपरायटरची मांडणी, जिला सगळे रेमिंग्टन म्हणतात. हल्लीची पोरं इनस्क्रिप्ट शिकतात, आणि मोबाइलवर वाढलेली तर इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवतात. कुठली मांडणी चांगली यावरून क्लासच्या जिन्यात भांडणं व्हायची, अबोले धरले जायचे. खरं सांगायचं तर ज्याची बोटं ज्या मांडणीवर पहिल्यांदा बसली, तेच त्याचं कुलदैवत. दुसऱ्याच्या देवळात हात जोडता येतात, नवस बोलता येत नाही.

या न बघण्याच्या विद्येत एक मेख असते. कीबोर्डाच्या मधल्या ओळीत दोन बटणांवर बारीकसा उंचवटा असतो. एक डाव्या हाताच्या तर्जनीसाठी, एक उजव्या, आणि दोघांच्या मध्ये आणखी दोन बटणं. बघून टाइप करणाऱ्याच्या तो जन्मात लक्षात येत नाही. न बघणाऱ्याचं मात्र सगळं त्याच्यावर चालतं. सर त्याला उंबरा म्हणायचे. बोट कुठंही भटकून येऊ दे, उंबरा लागला की घर आलं.

संध्या हरसूलच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यावरची. आई अक्काबाई, संध्या आश्रमशाळेत असतानाच गेली. वडील देवराम भात आणि नागली करायचे, आणि शेतं रिकामी झाली की द्राक्षबागांच्या कामाला खाली उतरायचे. त्यांनी पोरीला शिकवलं. पोरगी नाशकात आली, आणि एका सरकारी कचेरीत कंत्राटी ऑपरेटर म्हणून लागली. म्हणजे नोकरी होती आणि नव्हती. कायम लिपिक जे काम करायचे ते सगळं ती करायची, वर त्यांच्या चुकाही निस्तरायची, पण हजेरीपटावर तिचं नाव वेगळ्या कागदावर असायचं.

कायम होण्याची वाट एकच होती, टायपिंगची परीक्षा. लेखी परीक्षेत ती पास होतीच. गेल्या वर्षी टायपिंगला बसली तेव्हा केंद्रावरच्या कीबोर्डाची स्पेसची पट्टी खाली जाऊन तिथंच बसायची. शब्द एकमेकांना चिकटत गेले. तिने हात वर करून सांगितलं, तर देखरेखीवरचे गृहस्थ सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." लोक हसले. अंगण खरोखरच वाकडं असेल तर नाचणाऱ्याने काय करायचं, ते त्या म्हणीत सांगितलेलं नाही. संध्या नापास झाली.

या वर्षी तिची वयोमर्यादा संपत होती. पुढच्या वर्षी तिला अर्जसुद्धा भरता येणार नव्हता. आणि दिवाळीनंतर कंत्राट पुढं चालणार नाही, असं साहेबांनी सांगूनच टाकलं होतं. तेव्हा ही परीक्षा गेली तर सगळंच गेलं. मग एमआयडीसीत पॅकिंगला उभं राहायचं, नाहीतर पाड्यावर परत. बापाने ज्या कामातून तिला बाहेर काढायला पाठ मोडून घेतली, त्याच कामात त्याच्या शेजारी वाकायचं. याची तिला इतकी भीती वाटायची की जेवताना घास हातातच राहायचा.

मात्र या वेळी सूचनेत एक ओळ नवीन होती: उमेदवाराने स्वतःचा कीबोर्ड आणला तरी चालेल. ती ओळ वाचून संध्या रडली होती. कारण तिच्याकडे कीबोर्ड होता. क्लास बंद झाला तेव्हा सरांनी तिला तिच्याच टेबलावरचा दिला होता, जड, उंच बटणांचा, पावसाळ्यात दार लावावं तसा आवाज करणारा. वर्षानुवर्षं त्याच्यावरच तिचा हात बसलेला. दुसऱ्या कुठल्याही कीबोर्डावर तिला सासरी आल्यासारखं व्हायचं.

परीक्षा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होती. खंडेनवमीच्या आदल्या रात्रीच्या गाडीने देवराम आले, हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या भाताचे नवे तांदूळ घेऊन. पोरगी परीक्षेला बसणार म्हणून धीर द्यायला आले होते. सकाळी संध्या कचेरीत गेली, आणि मखमलाबादकडच्या तिच्या भाड्याच्या खोलीत देवराम दिवसभर एकटे राहिले.

संध्याकाळी ती परतली तर पाटावर तिचा कीबोर्ड. खाली लताबाईंनी, म्हणजे घरमालकिणीने, दिलेलं लाल कापड. त्यावर हळदकुंकू, तांदूळ, झेंडूची फुलं, आणि एवढी फुलं की कीबोर्ड आहे हे वायरवरून ओळखायचं. बाजूला निरांजन. देवराम पाटासमोर मांडी घालून बसले होते आणि त्यांच्या तोंडावर असं काही समाधान होतं की जणू बैलपोळ्याला स्वतःचा बैल पहिला आला.

"आज खांडेनवमी," ते म्हणाले. "आपल्या घरी कोयता पुजतात, विळा पुजतात. तुझं अवजार हेच. चांगलं साफ करून पुजलंय."

"बा, मला सराव करायचाय," संध्या म्हणाली. "परवा परीक्षा आहे."

"दसरा पालटल्याबिगर पुजलेलं अवजार हलवायचं नाय. त्यालाबी विसावा लागतो. किती वर्सं झाली, तू त्याला रातंदिस बडवतीस."

संध्याला राग आला. पण लताबाई दारातून म्हणाल्या, "अगं, आता एका दिवसात काय नवीन शिकणार आहेस? बोटांना आराम दे." त्यातही तथ्य होतं, बोटांची टोकं हुळहुळी झाली होती. ती तोंड चढवून जेवली. बापाची बोटं हळदीने पिवळी झालेली तिने पाहिली, पूजा करणाऱ्याची असतात तशी, म्हणून त्याचं काही वाटलं नाही. दसऱ्याचा अख्खा दिवस तिने ओट्याच्या कडेवर बोटं आपटत काढला. हात लावला नाही तो नाहीच. तिथं तिने बापाचं ऐकलं, आणि तिथंच घात झाला.

परीक्षेच्या सकाळी देवरामांनी फुलं बाजूला केली, कीबोर्ड त्याच लाल कापडात कुंकवातांदळासकट बांधला आणि दोन्ही हातांनी तिला दिला. गंगापूर रोडच्या पुढं एका कॉलेजात केंद्र होतं. ते फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "मी हितंच हाय."

आत रखवालदाराने गाठोडं सोडायला लावलं. तांदूळ टेबलावर सांडले. "ताई, सत्यनारायण करायला आलात का?" तो म्हणाला. संध्या हसली. मग तिची नजर कीबोर्डावर गेली आणि हसू होतं तसंच तोंडावर राहिलं.

कीबोर्ड लखलखत होता. तो इतका स्वच्छ तिने कधीच पाहिला नव्हता. आणि त्याच्यावरचं एकही अक्षर आपल्या जागी नव्हतं. वरच्या ओळीतली बटणं खाली, खालची मधे, आकडे भलतीकडे. काही तिरकी बसलेली. देवरामांनी एकूण एक बटण उपसून काढलं होतं, धुतलं होतं, पुसलं होतं, आणि जिथं बसेल तिथं बसवलं होतं. इंग्रजी अक्षर त्यांना येत नव्हतं. कोयत्याला कुठं अक्षरं असतात!

ती जागेवर जाऊन बसली. मनाशी म्हणाली, घाबरू नको, तू बटणं बघतेस कधी? वरची टोपी कुठलीही असो, खालची कळ आपल्या जागी आहे. हे खरंच होतं. तिने वायर जोडली, सरावाचा उतारा समोर आला, मांडणी निवडली, डोळे कागदावर ठेवले आणि बोटांनी उंबरा शोधला. डाव्या तर्जनीला लागला. उजव्या तर्जनीला लागला. ती सुरू झाली.

पडद्यावर उमटलं ते मराठी नव्हतं. कुठलीच भाषा नव्हती. काना सुटा, वेलांटी सुटी, अक्षरांचे तुकडे.

तिने खाली बघितलं. उंचवट्याची दोन्ही बटणं ओळीच्या अगदी मधोमध, एकमेकांना खेटून बसली होती. उंबरे सरकले होते, आणि दोन्ही हात आपापल्या घराऐवजी शेजारच्या घरात शिरले होते.

डोळ्यांनी मोजून बोटं जागेवर ठेवता येत होती. पण हात एकदा शिफ्टसाठी उठला, की परतताना बोट आपोआप उंचवटा शोधायचं आणि चुकीच्या दारात जाऊन उभं राहायचं. एवढ्या वर्षांची सवय. ती मोडायची तर दर शब्दाला खाली बघायचं, आणि खाली बघितलं की कागदावरची ओळ हरवायची. तिने तसं करून पाहिलं. गोगलगायीनेही हसावं असा वेग येत होता.

तिने हात वर केला. देखरेखीवर स्वानंदी नावाची एक तरुण बाई होती, गळ्यात ओळखपत्र, चेहरा दमलेला. ती वाईट नव्हती. "काय झालं?"

"मॅडम, कीबोर्ड... याची बटणं बदललीत."

"कुणी बदलली?"

संध्याने लाल कापड मांडीवर ओढलं.

"स्वतःचा आणलाय म्हणजे जबाबदारी तुमची, तशी सहीच केलीय तुम्ही. केंद्राचा हवा असेल तर आत्ता सांगा, जोडून देते. परीक्षा सुरू झाली की बदलता येणार नाही." तिने टेबलाखालून केंद्राचा कीबोर्ड वर काढून दाखवला. चपटा, हलका, एक बटण दाबलं की शेजारचंही मान डोलवेल असा. उजव्या करंगळीचं कोपऱ्यातलं बटण तर त्यात वरच्या ओळीत नेऊन ठेवलेलं. संध्याला गेल्या वर्षीची ती चिकटलेली स्पेसची पट्टी आठवली, ती म्हण आठवली, ते हसणं आठवलं.

"नको," ती म्हणाली. चूक की बरोबर, देव जाणे. पण स्वतःचं अवजार टाकून परक्याचं उचलायला तिचं मन होईना.

तिने उंचवट्याचं एक बटण उपटायला घेतलं. जागेवर बसवलं की झालं. नख खाली घातलं, ओढलं. बटण हललं नाही, नख तुटलं, मुळापासून, आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. "ताई, तोडफोड करू नका," स्वानंदी लांबून म्हणाली. तेवढ्यात घंटा झाली. खरा उतारा समोर आला. खोलीभर बटणांचा आवाज सुरू झाला.

संध्या बसून राहिली. आजूबाजूला सगळे धावत होते आणि ती जागीच होती. आपलं संपलं, असं तिला इतकं स्पष्ट वाटलं की त्यातून एक प्रकारची शांतता आली. तिने डोकं हातात धरलं. कपाळाला हात लागला तशी बोटाला टिकली लागली. मखमली, ठसठशीत, सकाळी लताबाईंनी लावलेली.

टिकलीला मागून डिंक असतो. मांडीवर लाल कापड होतं, कापडाच्या घडीत तांदूळ होते, बापाच्या शेतातले.

तिने टिकली काढली, दातांनी मधोमध फाडली. एक दाणा अर्ध्या टिकलीखाली ठेवून तो तुकडा मधल्या ओळीत डाव्या तर्जनीच्या खऱ्या जागी दाबून बसवला. दुसरा दाणा दुसऱ्या तुकड्याखाली, उजवीकडे. पहिला दाणा दोनदा निसटला. मग डोळे मिटून तिने बोटं फिरवली. खोटे उंबरे गुळगुळीत होते. खरे मखमली, आणि आत दाणा. बोटांनी ते ओळखले.

मग ती धावली. कशी धावली ते तिलाही सांगता येणार नाही. कागदावरची ओळ वाचली जायची आणि बोटं ती आधीच संपवून पुढची मागायची. तुटलेल्या नखातून दर ठोक्याला कळ यायची, त्या कळेचाच तिने ताल धरला. शेजारचा मुलगा आपलं सोडून तिच्याकडे बघत होता. आयुष्यात एवढ्या वेगाने तिने कधी टाइप केलं नव्हतं, आणि पुढंही कधी करणार नव्हती.

शेवटच्या परिच्छेदात ती शिरली आणि घंटा झाली. पडदा गोठला. उतारा पूर्ण झाला नसेल तर चुका तपासायलासुद्धा घेत नाहीत, हा नियम तिला पाठ होता. तीन ओळी राहिल्या होत्या. तांदूळ आणि टिकली सुचायला जेवढा वेळ गेला, तेवढ्याच.

स्वानंदी तिच्या टेबलाजवळ आली, पडद्याकडे बघितलं, मग कीबोर्डावरच्या लाल तुकड्यांकडे. एका तुकड्याला बोट लावून पाहिलं. पुढच्या टेबलाकडे गेली.

जिना उतरताना संध्याने वाक्य तयार केलं. "बा, तू माझं वाटोळं केलंस." एवढंच. त्यात एक शब्द कमी करायचा नाही की वाढवायचा नाही. इतका राग तिला जन्मात कुणाचा आला नव्हता. गेल्या वर्षीच्या त्या गृहस्थाचाही नाही. परक्याने घात केला तर शिव्या देता येतात, रस्त्यात उभं राहून ओरडता येतं. हा माणूस तर फाटकाबाहेर निंबाखाली उकिडवा बसला होता, सकाळी बसला होता तिथंच, पाणीसुद्धा न पिता.

तिला बघून देवराम उठले. तिच्या तोंडाकडे त्यांनी नीट पाहिलं.

"कपाळ मोकळं कसं गं? टिकली कुठं पाडलीस?"

"कीबोर्डाला लावली," संध्या म्हणाली.

देवरामांनी गाठोड्याकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "मला वाटलं, तुला पूजा आवडली नाय. त्या दिसी तोंड चढवून जेवलीस. आन् आज तू सोताच्या कपाळाचं काढून त्याला लावलंस." त्यांनी डोळे पुसले. "आता पुरी झाली पूजा."

वाक्य तिच्या ओठावर होतं. त्यांनी गाठोडं घ्यायला हात पुढं केले, आणि तेव्हा तिला बोटं दिसली. हळद अजून होती. ती पूजेची हळद नव्हती. दोन्ही अंगठ्यांची आणि तर्जन्यांची नखं उलून मांसापर्यंत गेली होती, आणि चिरांमध्ये हळद भरली होती. एका बटणाने तिचं एक नख घेतलं होतं. त्यांनी सगळी काढली होती.

"हे काय झालं, बा?"

"काय नाय. बटणं लय घट्ट व्हती. चमच्यानं निघनात, मग नखानं काढली. भरून यील."

"कशाला काढलीस पण?"

"खाली मळ व्हता ना," देवराम म्हणाले. "आधी मला वाटलं धूळ हाय. मग कळलं, धूळ नाय ती. तुझ्या बोटांचा मळ. इतकी वर्सं घासलीस तू त्याच्यावर. रिठ्याच्या पाण्यात धुतलं सगळं. ते पाणी मोरीत टाकवंना मला. तुझ्या कष्टाचं पाणी, गटारीत कसं सोडू? लताबाईच्या तुळशीला घातलं."

रस्त्यावरून गाड्या जात होत्या.

"आन् ती दोन बटणं व्हती ना," त्यांना आठवलं, "खुणंची. जोडीची दिसत व्हती. पण पार लांब लांब बसवलेली, मधी परकीच. तुझी आई गेल्यापासून मला असं बघवत नाय. बसवताना दोघांना शेजारी बसवलं." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "केलं ना बरोबर?"

तिने वाक्य शोधलं. ते होतं तिथंच होतं, आणि शब्द न् शब्द खरं होतं.

"बरोबर केलंस," संध्या म्हणाली.

"आन् पेपर?"

"झाला."

देवरामांनी मान हलवली, गाठोडं छातीशी धरलं आणि गाडी कुठून मिळते ते विचारत पुढं निघाले. तुटलेल्या नखाचं बोट मुठीत दाबून ती त्यांच्या मागोमाग चालू लागली.